गेलेल्या मित्रांसाठी कॉन्चेर्टो लिहिताना

व्हायोलिन, चेलो किंवा पियानो शिकून स्टाफ नोटेशन लिहू लागलेली तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे येतात आणि सांगतात, मित्र गेला, मैत्रीण गेली, तिच्यासाठी कॉन्चेर्टो लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू? मी त्यांना एकच गोष्ट विचारतो. एकल वाद्य कोण आहे? ‘कोणतं’ असं मी विचारत नाही, ‘कोण’ असंच विचारतो. व्हायोलिन घेतलंत, ठीक. पण ते व्हायोलिन म्हणजे गेलेला मित्र आहे की मागे राहिलेले तुम्ही?

कॉन्चेर्टोत एक वाद्य पुढे उभं असतं आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्या भोवती असतो. कधी तो साथ देतो, कधी अडवतो, कधी ऐकत बसतो. एकट्याचा आवाज आणि समूहाचा आवाज यांचं हे नातं सिंफनीत नाही, गाण्यातही नाही. म्हणूनच स्मरणासाठी हा प्रकार मला जवळचा वाटतो. पण एकल वाद्य म्हणजे कोण हे ठरवल्याशिवाय पहिला बार लिहू नका. एकल वाद्य म्हणजे मित्र असेल, तर वाद्यवृंद म्हणजे तो ज्यांच्यात वावरला ती माणसं. एकल वाद्य म्हणजे तुम्ही असाल, तर वाद्यवृंदातून अधूनमधून मित्राचा आवाज यायला हवा आणि तो ओळखू यायला हवा. या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की ऐकणाऱ्याला नुसती उदास सुरावट ऐकू येते.

हे मी स्वतः चुकून शिकलो. आमच्या रविवारच्या तंतुवाद्यांच्या गटातले तिघं पाच वर्षांत गेले. मी व्हिओला आणि तंतुवाद्यांसाठी बारा मिनिटांची रचना केली. सगळी जी मायनरमध्ये, सगळी संथ. पहिल्यांदा वाजवून पाहिल्यावर आमच्यातला सगळ्यात ज्येष्ठ वादक म्हणाला, “हे तुझं रडणं झालं रे. ते तिघं कुठायत यात? चेलोवाला तर सारखा हसायचा.” मी घरी येऊन एक वही काढली आणि त्या तिघांबद्दल मला कानानं काय आठवतं एवढंच लिहीत गेलो. चेलोवाला तारा जुळवताना स्वर गुणगुणायचा, आणि गुणगुणणं नेहमी जरासं खाली उतरायचं. दुसऱ्या व्हायोलिनवाला प्रत्येक आवर्तनाच्या आधी गजाच्या टोकानं स्टँडवर दोनदा टकटक करायचा. तिसरी मैत्रीण व्हिओला वाजवायची. ती विरामानंतर कायम किंचित उशिरा शिरायची, पण शिरली की असा भरदार सूर लावायची की सगळ्यांना आपणच लवकर आलो असं वाटावं. नवी रचना या तीन गोष्टींतून निघाली. जुन्या बारा मिनिटांतले जेमतेम वीस बार तिच्यात टिकले.

तर पहिलं काम ही वही. तिच्यात भावना लिहू नका, आवाज लिहा. तो दार कसं वाजवायचा, शिट्टी कोणत्या गाण्याची घालायचा, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, जिना कसा चढायचा. गाणारा असेल तर कोणत्या स्वरावर रेंगाळायचा. दोन आठवडे लिहा. मग त्यातलं वाद्यावर काय उतरतं ते पाहा. सगळं उतरत नाही. चारपाच गोष्टी मिळाल्या तरी वीस मिनिटांची बेगमी झाली.

आल्बान बेर्गचा व्हायोलिन कॉन्चेर्टो या दृष्टीनं स्कोअर समोर ठेवून अभ्यासावा असा आहे. व्हायोलिनवादक लुई क्रास्नर यानं तो मागितला होता आणि बेर्ग चालढकल करत होता. 22 एप्रिल 1935 रोजी मानोन ग्रोपियस ही त्याच्या स्नेह्यांची मुलगी पोलिओनं गेली. ती अवघी अठरा वर्षांची होती. एरवी अतिशय सावकाश लिहिणाऱ्या बेर्गनं मग काही महिन्यांत कॉन्चेर्टो पुरा केला आणि ‘एका देवदूताच्या स्मृतीस’ अर्पण केला. त्यानं आधार घेतलेली बारा स्वरांची मालिका पाहा. तिचा पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा. एकल वादक सुरुवातीला जणू तारा तपासून पाहतो आणि तिथूनच संगीत उमलतं. मालिकेचे शेवटचे चार स्वर पूर्ण स्वरांच्या अंतरानं चढत जातात, आणि बाखच्या एका कोरालची सुरुवात नेमकी तशीच आहे. त्यामुळे शेवटच्या भागात बाख येतो तेव्हा तो बाहेरून चिकटवलेला वाटत नाही. आणि पूर्वार्धात काय आहे? कॅरिंथियातली एक लोकधून, नाचाची लय. मुलीचं आयुष्य आधी, तिचं जाणं नंतर. मी बारा मिनिटं विलाप केला होता, त्यात हा पूर्वार्धच नव्हता.

याच रचनेतली आणखी एक जागा सांगतो, कारण ती थेट कामाची आहे. शेवटच्या अडाजिओत एकल व्हायोलिन पुढे जातं आणि वाद्यवृंदातली व्हायोलिनं, व्हिओला एकेक करून त्याच्या सुरावटीत सामील होतात, नंतर पुन्हा एकेक करून बाजूला होतात. हे ऐकू तर यावंच, पण डोळ्यांना दिसावंही, अशी सूचना बेर्गनं स्कोअरमध्ये घातली आहे. मैफलीत माणसं वाजवताना दिसतात, ही गोष्ट रचना लिहिणारे विसरतात. मित्राच्या खुर्चीवर कुणी बसवायचं नसेल, एखाद्या डेस्कवर एकच वादक ठेवायचा असेल, तर तेही स्कोअरमध्ये लिहा. रंगमंचावर ऐन वेळी सांगून होत नाही.

एकापेक्षा जास्त मित्र गेले असतील तर गुंता वाढतो. प्रत्येकाला न्याय द्यायच्या नादात रचना हजेरीपटासारखी होते. यातून दोन मोठ्या रचनाकारांनी काढलेल्या वाटा मला पटतात. मोरिस राव्हेलनं पहिल्या महायुद्धात गेलेल्या मित्रांसाठी ‘ल तोंबो द कूपरँ’ हा पियानोचा संच लिहिला. सहा तुकडे, प्रत्येक तुकडा युद्धात गेलेल्यांच्या स्मृतीला. त्यातला रिगोदों दोन भावांसाठी आहे, ते एकाच दिवशी एकाच तोफगोळ्यानं गेले. शेवटची टोकाटा मार्गरित लाँग या पियानोवादिकेच्या पतीसाठी आहे, आणि 1919 मध्ये हा संच पहिल्यांदा वाजवला तो तिनंच. संगीत मात्र जुन्या फ्रेंच नाचांचं, हलकं, लखलखीत. राव्हेलनं मित्रांची रेखाचित्रं काढली नाहीत. सगळ्यांना एकाच सुरेख दालनात बसवलं आणि दारावर एकेकाचं नाव लिहिलं. तुमची वही रिकामी राहिली, मित्राचा नेमका आवाज आठवेनासा झाला, तर ही वाट धरा. अर्पणपत्रिका हीसुद्धा रचनेचा भाग असते.

दुसरी वाट जॉन कोरिलियानोची. एड्सच्या साथीत त्याचे अनेक मित्र गेले. 1990 मध्ये शिकागोत डॅनिएल बॅरेनबॉइमच्या संचालनाखाली सादर झालेली त्याची पहिली सिंफनी या मित्रांची आहे. ती कॉन्चेर्टो नाही, पण तिसऱ्या भागात एकल चेलो जे काम करतो ते कॉन्चेर्टोचंच आहे. तिथे त्यानं अनेक गेलेल्या मित्रांवर ओळी रचून घेतल्या, त्या ओळींना चाली दिल्या, नंतर शब्द काढून टाकले आणि चाली वेगवेगळ्या वाद्यांना वाटल्या. श्रोत्याला शब्द ऐकू येत नाहीत. पण प्रत्येक वाद्य बोलल्यासारखं वाजतं, कारण त्या चाली मुळात बोलण्यातूनच आल्या आहेत. पहिल्या भागात तर पडद्याआडून पियानोवर आल्बेनिसचा एक टँगो ऐकू येतो. पियानो वाजवणाऱ्या एका मित्राचा तो आवडता होता. दूरचा, अर्धवट ऐकू येणारा तो नाच आणि समोर खवळलेला वाद्यवृंद! विंगेतलं एक वाद्य एवढं करू शकतं, आणि त्याला खर्चही लागत नाही.

आणखी एक युक्ती म्हणजे नावातून स्वर काढणं, आणि ती आपल्याला तर फारच सोपी आहे. पाश्चात्त्य रचनाकार अक्षरांना स्वर लावतात. शोस्ताकोविचनं आपल्या नावातून चार स्वर काढले, बाखच्या आडनावातून तर थेट सुरावट मिळते. पण त्याहूनही जुनी पद्धत जोस्कँ दे प्रे या रचनाकाराची आहे. फेरारा इथल्या एर्कोले या ड्यूकच्या लॅटिन नावातले आणि पदवीतले नुसते ए, उ, आ, इ असे उच्चारातले स्वर घेऊन त्यानं ते त्या काळच्या पाश्चात्त्य सरगमीतल्या अक्षरांशी जुळवले. आपल्या भाषेत ती ओळ होते रे सा रे सा रे म ग रे. सरगम आपल्या जिभेवरच असल्यानं आपण हे सहज करू शकतो. मनीषा म्हणजे म नि सा. सागर म्हणजे सा ग रे. परेश म्हणजे प रे सा. सगळी नावं अशी सापडत नाहीत, तेव्हा ओढूनताणून करू नका. नावाची हाक मारताना आवाज कसा चढतो-उतरतो ते घ्या. गॅलरीतून खाली मारलेली हाक वेगळी, फोनवरची वेगळी, रागावून मारलेली वेगळी. एकाच नावाच्या तीन हाका तीन मूव्हमेंटना पुरतात.

रागांबद्दल एक सावधगिरी. दुःख म्हटलं की जोगिया, मारवा, तोडी असा हात आपोआप जातो. मित्राला तो राग प्रिय असेल तर जरूर घ्या. एरवी त्याच्या गळ्यातलंच काहीतरी शोधा, मग तो भूप का असेना. आणि राग घेतलात तर त्याच्याखाली कॉर्ड्सचा ढीग रचू नका. खालच्या तंतुवाद्यांनी षड्ज-पंचम धरून ठेवला, एखादं वाद्य मागून तीच ओळ सावकाश म्हणत आलं, एवढं बहुतेक वेळा पुरतं. मित्र गोव्याकडचा असेल आणि त्याच्या घरी लग्नात मांडो गायला जात असेल, तर व्हायोलिन आणि घुमट ही जोडी तिथे आधीपासूनच आहे. तुम्हाला फार काही शोधावं लागणार नाही.

उसनी चाल घेताना मात्र कायदा बघा. मित्राचं आवडतं सिनेमागीत कॉन्चेर्टोत गुंफावं असं अनेकांना वाटतं. आपल्याकडे कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो, आणि चालीचा कर्ता व शब्दांचा कर्ता वेगळे असू शकतात. परवानगी मिळाली तर उत्तम. नाहीतर पारंपरिक चाल घ्या, किंवा तुम्ही स्वतः पूर्वी रचलेलं आणि मित्राला आवडलेलं काही असेल तर त्याहून चांगलं काहीच नाही.

द्वोर्झाकनं तेच केलं. त्याचा चेलो कॉन्चेर्टो न्यूयॉर्कमध्ये 1894-95 च्या हिवाळ्यात लिहून झाला. त्याची मेहुणी योसेफिना, जिच्यावर तरुणपणी त्याचं मन जडलं होतं, तेव्हा मायदेशी आजारी होती. तिला आवडणारं आपलंच एक गीत त्यानं दुसऱ्या भागात घातलं. तो बोहेमियात परतल्यावर 1895 च्या मे महिन्यात ती गेली. मग द्वोर्झाकनं पूर्ण झालेल्या कॉन्चेर्टोचा शेवट उघडला आणि त्यात नवा मजकूर घातला. शेवटाकडे धावत असलेलं संगीत थांबतं, ते गीत पुन्हा आठवतं, चेलो हळूहळू विरत जातो आणि त्यानंतरच वाद्यवृंद शेवटचं वादळ उठवतो. चेलोवादक विहाननं तिथे आपल्या हिकमतीची कॅडेन्झा सुचवली, ती त्यानं ठाम नाकारली. रचना आपल्या संमतीशिवाय काहीही न बदलता छापावी असा प्रकाशकाकडे आग्रह धरला.

कॅडेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबून एकल वादक एकटा वाजवतो ती जागा, कॉन्चेर्टोत जवळजवळ ठरलेली असते. स्मरणाच्या रचनेत ती ठेवायची की नाही? द्वोर्झाकनं नाकारली, कारण त्या ठिकाणी कसब दाखवणं त्याला नको होतं. प्रोकोफिएव्हनं उलट केलं. त्याचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो मॅक्सिमिलियन श्मिटहोफ या कन्झर्वेटरीतल्या मित्राच्या स्मृतीला अर्पण आहे. त्यानं 1913 मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं आणि प्रोकोफिएव्हला निरोपाचं पत्र पाठवलं. या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात प्रचंड कॅडेन्झा आहे. पियानो एकटा मिनिटामागून मिनिटं झुंजत राहतो, आणि वाद्यवृंद परत येतो तो मदतीला आल्यासारखा वाटत नाही, अंगावर कोसळल्यासारखा येतो. बराचसा कॉन्चेर्टो मित्र जाण्याआधीच हातात होता, तरीही ती जागा त्याच्यासाठीच असावी असं वाटतं. एकल वाद्य म्हणजे मागे राहिलेले तुम्ही असाल, तर कॅडेन्झा ठेवा. तो एकटेपणा खरा आहे. एकल वाद्य म्हणजे मित्र असेल, तर तो एकटा कशाला पडावा? माझ्या रचनेत मी कॅडेन्झेच्या जागी व्हिओलाला आणि चेलोला दोघांत बोलायला लावलं आहे.

प्रोकोफिएव्हचा तो स्कोअर रशियन क्रांतीनंतर आगीत गेला. 1923 मध्ये त्यानं तो आठवून नव्यानं उभा केला. तुमचं काम संगणकावर असेल, तरी दर आठवड्याला त्याची प्रत दुसरीकडे ठेवा.

आता लिहिण्याचं. पहिलाच कॉन्चेर्टो असेल तर मोठा वाद्यवृंद घेऊ नका. हिंडेमिटचं ‘ट्राउअरम्युझिक’ व्हिओला आणि फक्त तंतुवाद्यांसाठी आहे, सुमारे आठ मिनिटांचं. ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, 21 जानेवारी 1936 रोजी, हिंडेमिटनं ते लंडनमध्ये बीबीसीच्या एका खोलीत बसून काही तासांत लिहिलं आणि लगोलग रेडिओवर स्वतः वाजवलं. पाच पहिली व्हायोलिनं, चार दुसरी, तीन व्हिओला, दोन चेलो, एक डबल बास, एवढी पंधरा माणसं पुण्यात, मुंबईत किंवा पणजीत जमवणं शक्य आहे. पंधरा ते अठरा मिनिटांची रचना त्यांच्याकडून दोन-तीन तालमींत बसते. तीस मिनिटांची बसत नाही.

एकल वाद्य ऐकू न येणं ही नवख्यांच्या कॉन्चेर्टोतली सर्वांत नेहमीची चूक. व्हिओला आणि चेलो मधल्या सप्तकात वाजत असताना त्याच पट्टीत वाद्यवृंदाची तंतुवाद्यं गजानं वाजवत राहिली की एकल वादक नुसता हातवारे करताना दिसतो. त्याचं सप्तक मोकळं ठेवा. साथीला वर ढकला किंवा खाली उतरवा, गज बाजूला ठेवून पिझ्झिकाटो द्या, पहिल्या दोनच डेस्क वाजवू द्या. व्हायोलिनच्या खालच्या जी तारेवर एकल सुरावट असेल तेव्हा तर साथ अगदीच विरळ हवी. एल्गारच्या 1919 च्या चेलो कॉन्चेर्टोचा स्कोअर उघडून बघा: वाद्यवृंद पूर्ण आहे, पण कितीतरी पानं जवळजवळ कोरी दिसतात. चेलो ऐकू येतो तो त्या कोऱ्या जागांमुळे.

विराम लिहायला शिका. आर्वो पेर्टनं 1977 मध्ये बेंजामिन ब्रिटनच्या स्मृतीसाठी लिहिलेली ‘कॅन्टस’ तंतुवाद्यं आणि एका घंटेसाठी आहे. एकच उतरता मायनर स्केल, प्रत्येक खालची वाद्यं वरच्यांच्या निम्म्या गतीनं तोच स्केल उतरतात. घंटेच्या पहिल्या ठोक्याआधी विराम लिहिलेला आहे. शेवटी तंतुवाद्यं एकदम थांबतात तेव्हा आधीच हलकेच वाजवलेल्या घंटेचा नाद मागे उरतो. यात कठीण म्हणावं असं काहीच नाही, आणि तरी सभागृहात कुणी हलत नाही.

पार्ट्स छापण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण तालमीचं भवितव्य त्यावर ठरतं. म्युझस्कोर फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. क्लॅरिनेट घेतलंत तर बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, एफ हॉर्नचा पाचव्या स्वराच्या अंतरानं वर. सॉफ्टवेअर ते करतं, पण छापण्याआधी डोळ्यांनी तपासा. व्हिओलाला तिची आल्टो क्लेफ द्या. पान उलटायची जागा विरामावर आणा. दर दहा-पंधरा बारांवर तालमीचं अक्षर टाका. आमचा दुसऱ्या व्हायोलिनवाला ‘चला, सी पासून’ म्हणायचा. माझ्या रचनेत सी अक्षरावर दोनदा टकटक आहे, तंतुवाद्यांच्या लाकडावर बोटानं.

शेवट लिहिण्याआधी मित्राच्या घरच्यांना भेटा. रचना ऐकवायला नव्हे, विचारायला. नाव लावलेलं चालेल का, अर्पणपत्रिकेत आजाराचा किंवा मृत्यूच्या कारणाचा उल्लेख हवा की नको, तारीख हवी का. चेलोवाल्याच्या बायकोनं मला तारीख काढायला सांगितली आणि त्याऐवजी आमच्या रविवारच्या भेटीचं वर्ष घालायला लावलं, आम्ही पहिल्यांदा एकत्र वाजवलं ते. तिचं बरोबर होतं. पहिल्या प्रयोगाचं निमंत्रण त्यांना द्याच, पण त्याआधीच्या तालमीचंही द्या. मैफलीत भरल्या सभागृहात पहिल्यांदा ऐकणं सगळ्यांना झेपत नाही.

आणि वाट पाहत बसू नका. बेर्ग 24 डिसेंबर 1935 रोजी गेला. त्याचा कॉन्चेर्टो 19 एप्रिल 1936 रोजी बार्सिलोनात क्रास्नरनं वाजवला, तेव्हा तो ऐकायला बेर्ग नव्हता.

एक काम मात्र लिहिण्याच्याही आधीचं आहे. कोरिलियानोच्या त्या तिसऱ्या भागाचं नाव ‘जुलिओचं गाणं’. जुलिओ हा त्याचा कॉलेजातला मित्र, हौशी चेलोवादक. 1962 मध्ये दोघांनी मिळून सहज काहीतरी वाजवलं होतं, त्याची टेप राहून गेली होती. मित्र गेल्यानंतर ती हाती लागली आणि एकल चेलोची मुख्य सुरावट तिच्यातून निघाली. तुमच्या मित्रांचे आवाज आज फोनवर आहेत: व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, वाढदिवसाचे व्हिडिओ, तालमीत कुणीतरी सहज केलेलं ध्वनिमुद्रण. फोन बदलताना हे सगळं जाऊ शकतं. आज रात्री ते संगणकावर उतरवून घ्या, एक प्रत त्यांच्या घरच्यांना द्या, आणि मग स्टाफचा कोरा कागद पुढे घ्या.